शिसं, कथील आणि एक सेकंडहँड कार्ड

२००८नंतरची काही वर्षं जगभर एक विचित्र पाककृती फिरत होती. बंद पडलेलं ग्राफिक्स कार्ड घ्या. पंखा, हीटसिंक, प्लॅस्टिकचे भाग काढा. फॉइलच्या चार गोळ्यांवर कार्ड ठेवा आणि साधारण २०० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं ओव्हनमध्ये भाजा. ऐकायला चेष्टा वाटते, पण बऱ्याचदा कार्ड खरंच चालू व्हायचं. कधी आठवडाभर, कधी दोन-चार महिने. मग स्क्रीनवर पुन्हा तेच रंगीत चौकोन.

मी या पाककृतीपर्यंत पोचलो ते एका बिघडलेल्या सेकंडहँड कार्डामुळे. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण ओव्हनमध्ये कार्ड बरं का व्हायचं, आणि परत का मरायचं, हे शोधताना मी जिथे गेलो तो इतिहास कार्डापेक्षा मोठा निघाला.

कल्हई आणि डाख

सुरुवात आपल्याच घरातून करू. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा माणूस भांडं तापवायचा, त्यात नवसागर टाकायचा आणि कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पसरवायचा. नवसागराचं काम एकच, धातूवरचा गंजाचा थर काढून टाकणं. तो थर असेल तर कथील चिकटत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ज्याला फ्लक्स म्हणतात, तो हेच काम करतो.

दोन धातू जोडायला जो डाख लागतो, त्यात कथलासोबत शिसं आलं. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं, की ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं. स्वस्त, मऊ, लवचीक. विसाव्या शतकातले रेडिओ, टीव्ही आणि कॉम्प्युटर प्रामुख्याने याच डाखावर उभे राहिले. कल्हईत मात्र शिशाची भेसळ वाईट, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. शिसं पोटात जातं आणि तिथून मेंदूपर्यंत, मज्जासंस्थेपर्यंत पोचतं. लहान मुलांना तर फारच घातक.

टाकून दिलेल्या उपकरणांतलं शिसं माती-पाण्यात जाऊ नये, म्हणून युरोपियन युनियनने कायदा केला. १ जुलै २००६पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाचं प्रमाण ०.१ टक्क्यावर जाऊ नये, असं ठरलं. भारतातही ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२पासून लागू झाले आणि शिशावर अशीच मर्यादा आली. कारखाने कथील, चांदी आणि तांबं यांच्या मिश्रणाकडे वळले. ते वितळायला २१७ ते २२० अंश लागतात.

दोषी कोण?

कायद्यानंतर थोड्याच काळात मोठे बिघाड समोर आले. जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०च्या कुप्रसिद्ध लाल दिव्यांसाठी वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च मांडला. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप्स निकामी होत असल्याचं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. लोकांनी लगेच निकाल दिला : शिसं काढलं, म्हणून जोड तुटले.

इथे आकडे जुळवून बघा. ओव्हन २०० अंशांवर. शिसं नसलेला डाख वितळतो २१७ला. म्हणजे ओव्हनमध्ये तो डाख वितळतच नव्हता! मग कार्ड चालू कसं व्हायचं?

उत्तर चिपच्या पोटात आहे. कार्डाच्या पाटीवर चिप बसते ती डाखाच्या बारीक गोळ्यांवर. पण त्या चिपच्या आतही सिलिकॉनचा तुकडा आणखी बारीक गोळ्यांवर उलटा बसवलेला असतो. ही पद्धत आयबीएमने १९६०च्या दशकात वापरात आणली. युरोपच्या कायद्यात या आतल्या गोळ्यांना सूट होती, आणि एनव्हिडियाच्या त्या चिप्समध्ये त्या भरपूर शिशाच्या होत्या. असा डाख वितळायला ३०० अंशांहून जास्त लागतात. म्हणजे ज्या जोडाला तडे जात होते तिथे शिसं काढलेलंच नव्हतं. एक्सबॉक्सबद्दलही मायक्रोसॉफ्टच्या २०२१च्या माहितीपटात हेच सांगितलं गेलं : चालू-बंद होताना तापून-निवून चिपच्या आतले जोड तुटत होते.

ओव्हनची उष्णता तडा बुजवत नव्हती. सगळं प्रसरण पावून तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना टेकायची, इतकंच.

तडे का जातात, हे तर त्याआधी अर्धशतक माहीत होतं. १९५०च्या दशकात कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकी अभियंत्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, धातू तापण्या-निवण्याने कसा थकतो याचं गणित मांडलं. १९६९मध्ये आयबीएमच्या नॉरिस आणि लँड्झबर्ग यांनी ते चिपखालच्या गोळ्यांना लावलं. सिलिकॉन तापल्यावर थोडं फुगतं, खालची पाटी कितीतरी जास्त. ओढाताण होते ती मधल्या गोळ्यांची. किती वेळा तापलं-निवलं आणि किती अंशांच्या फरकाने, यावर त्यांचं आयुष्य ठरतं.

मायनिंगचं कार्ड

आता माझं कार्ड. २०१५मध्ये इथेरियम सुरू झालं आणि त्याच्या मायनिंगसाठी ग्राफिक्स कार्डं दिवसरात्र राबू लागली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने पद्धत बदलली आणि ते मायनिंग एका दिवसात संपलं. रिकामी झालेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातलंच एक, आठ जीबीचं, मी शिकवण्यांच्या साठवलेल्या साडेआठ हजारांत घेतलं. थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं काम मिळत होतं आणि माझ्या मशीनला ते झेपत नव्हतं.

‘मायनिंगचं कार्ड दिसलं की पळ’ असा सल्ला सगळे देतात. वरचं गणित लावलं तर तो अर्धाच खरा आहे. एकाच तापमानावर महिनोन्‌महिने चाललेल्या कार्डाने रोज संध्याकाळी गेम खेळणाऱ्याच्या कार्डापेक्षा तापण्या-निवण्याच्या फेऱ्या कमी सोसलेल्या असतात. पण इथेरियमचं काम मेमरीवर फार ताण देणारं. त्यामुळे मेमरी सतत तापलेली, थर्मल पॅड सुकलेले, पंख्याचे बेअरिंग झिजलेले.

तीन आठवड्यांत स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन आले. विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावरही ते दिसत होते, म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही. केबल बदलली, मॉनिटर बदलला. खोडरबरने कार्डाचे सोनेरी संपर्क पुसले. मित्राच्या मशीनमध्ये, त्याच्या पॉवर सप्लायवर लावलं. चौकोन तिथेही आले. दोष कार्डातच होता.

पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारत विचारत एका वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांपर्यंत पोचलो. मी ओव्हनचं विचारलं. ते हसले. म्हणाले, “हीट देऊन आत्ता चालू करून देतो. आठ दिवसांनी परत येशील. ठेवून जा, बघतो.”

त्यांनी आधी मल्टीमीटरने प्रत्येक सप्लाय तपासला. कुठे शॉर्ट नाही, व्होल्टेज बरोबर. मग मेमरी तपासायचा प्रोग्राम चालवला. आठ मेमरी चिप्सपैकी सातांत शून्य चुका, एकीत हजारो. मेलेल्या एका कार्डावरून तशीच चिप काढली. माझी पाटी खालून तापवली, फ्लक्स लावला, वरून गरम हवा दिली, खराब चिप चिमट्याने उचलली. जागा साफ केली. नव्या चिपखाली स्टेन्सिलने बारीक गोळ्या बसवल्या आणि ती जागेवर ठेवली. पुन्हा तपासणी : आठही चिप्समध्ये शून्य. अठराशे रुपये झाले. सात महिने होऊन गेलेत, कार्ड चालतंय.

त्या गोळ्या कुठल्या, असं मी विचारलं. “शिशाच्या. एकशे त्र्याऐंशीला वितळतात. दोनशे वीसपर्यंत नेलं तर शेजारची चिप जाते.”

म्हणजे कायद्याने कारखान्यातून बाहेर काढलेलं शिसं दुरुस्तीच्या टेबलावर परत आलं होतं. त्यामागचं कारण खोटं नाही. कमी उष्णतेत काम होतं, म्हणून जुनं कार्ड वाचतं आणि कचऱ्यात जात नाही. पण ते शिसं हाताळतात काका आणि त्यांच्याकडे काम शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. डाखाच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. धूर असतो तो फ्लक्सचा, आणि तो छातीला वाईट. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. चहा आला तेव्हा काकांनी त्या मुलाला आधी साबणाने हात धुवायला पाठवलं. खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन होता. सुरक्षा म्हणून तिथे एवढंच.

कंपन्यांच्या चुकांचा इतिहास डॉलरमध्ये लिहिला गेला, म्हणून तो आपल्याला सापडतो. कुठला जोड कशाने तुटतो हे बोटांनी शिकलेल्या माणसांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. त्यांच्या टेबलावर धूर ओढणारं साधं यंत्र यावं, त्यांना सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे सरळ मार्गाने मिळावेत, ही मागणी त्यांच्यासाठी जितकी आहे तितकीच आपल्यासाठीही. जुनं कार्ड घ्यायचं असेल तर जरूर घ्या. विकणाऱ्यासमोर बायोसपासून बघा, अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा, पंख्याचा आवाज ऐका. आणि बिघडलंच, तर ‘हीट देतो’ म्हणणाऱ्याकडे न देता आधी ‘बघतो’ म्हणणाऱ्याकडे द्या.