आसंजन की पकड? : प्रबलित काँक्रीटमधील एका संकल्पनेचा इतिहास

प्रबलित काँक्रीटच्या शोधाचा पहिला मान कोणाचा, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लांबो याची १८४८ मधील नौका, न्यूकॅसलच्या विल्किन्सनचे १८५४ चे पेटंट आणि मोनिए या माळ्याचे कुंड्यांसाठीचे १८६७ चे पेटंट अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु लोखंड आणि काँक्रीट यांना एकत्र काम करावयास लावणारे बल कोणते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. त्याचे उत्तर कसकसे बदलत गेले आणि त्यात शब्दांचा वाटा कोणता, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण फारसा सोसत नाही. ताण सळईने घ्यावयाचा असतो. पण तुळईवरील भार सळईला थेट लागत नाही, तो काँक्रीटमधूनच तिच्यापर्यंत पोहोचतो. सळई आतल्या आत सरकली, तर ती असून नसल्यासारखीच. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे अमेरिकन संशोधक हायट याने १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले. तापमानातील फरकाने हे दोन पदार्थ विलग होतील, ही शंका त्यामुळे दूर झाली. पण ते एकमेकांस धरून का राहतात, याचा उलगडा त्याने होत नव्हता.

या बलास फ्रेंचमध्ये 'आदेरांस' आणि जर्मनमध्ये 'हाफ्टुंग' असे शब्द रूढ झाले. दोहोंच्या मुळाशी चिकटण्याचा अर्थ आहे. इंग्रजीतील 'बाँड' मात्र बांधण्याशी संबंधित आहे. विटांचे उभे सांधे एकावर एक येऊ न देणाऱ्या रचनेलाही गवंडीकामात हाच शब्द लावतात. तेथे विटा एकमेकींत गुंतणे महत्त्वाचे असते.

व्यवहार येथे सिद्धांताच्या पुढे होता. रॅन्सम याने १८८४ मध्येच पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे पेटंट अमेरिकेत घेतले. केवळ चिकटण्यावर त्याचा भरवसा असता, तर पीळ देण्याचे प्रयोजनच उरले नसते.

१९१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या पत्रिकेत डफ एब्रॅम्स याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. सळई किती भाराने निघते एवढेच न पाहता, ती प्रत्येक टप्प्यास किती सरकते हे त्याने मोजले. साधी सळई सरकू लागल्यावरही तिचा प्रतिकार वाढत राहतो, आणि उंचवटे असलेल्या सळईचे उंचवटे थोडेसे सरकल्यानंतरच कामास येतात, असे त्यातून दिसून आले. चिकटणे संपते तेथून घर्षण आणि अडकणे यांचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. पुढे १९४६ व १९४९ मध्ये क्लार्क याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सळईवरील कंगोऱ्यांची उंची व अंतर यांस प्रमाणबद्धता आली. १९७१ मध्ये जपानी संशोधक गोतो याने काँक्रीटमध्ये शाई सोडून, कंगोऱ्यांपासून तिरप्या निघणाऱ्या अंतर्गत भेगा प्रत्यक्ष दाखविल्या.

भारतीय मानक ४५६ च्या २००० मधील आवृत्तीतही हाच फरक अंकांनी व्यक्त झाला आहे. एम-२० काँक्रीटमध्ये ताणातील साध्या सळईसाठी बंधप्रतिबल प्रतिचौरस मिलिमीटरला १.२ न्यूटन धरलेले असून, कंगोरेदार सळईसाठी ते ६० टक्क्यांनी वाढविण्यास सांगितले आहे.

मराठीत या बलासाठी 'आसंजन' योजले, तर लक्ष सळईच्या पृष्ठभागावरच राहते. वस्तुतः कंगोरेदार सळईभोवतीचे काँक्रीट पुष्कळदा सळईच्या लांबीने उभे फाटते आणि मग पकड सुटते. म्हणून सळईवरील आच्छादनाची जाडी, भोवतीच्या रिंगा आणि काँक्रीटचा दाटपणा हे सर्व या प्रश्नाचेच भाग ठरतात. 'आसंजन' ही संज्ञा चिकटण्याच्या पहिल्या टप्प्यापुरती ठेवून एकंदर क्रियेस 'बंध' किंवा साध्या भाषेत 'पकड' म्हणणे अधिक अन्वर्थक होईल. परिभाषा घडविताना अशा संज्ञांचा कोशाइतकाच प्रयोगांच्या इतिहासाशीही ताळा घ्यावा, असे वाटते.