अशिलाचें गुह्य व वकिलाची लेखणी

पेशवाईच्या कागदांत वकील म्हणजे परदरबारीं ठेविलेला प्रतिनिधि. त्याचीं पत्रें छापतांना आपणांस संकोच वाटत नाहीं; मामला राज्याचा असतो. अदालतींतील वकिलाचीं दप्तरेंहि आतां संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांतील मामला व्यक्तीचा असतो, आणि अशिलानें एकांतांत सांगितलेल्या गोष्टींचीं टिपणें त्यांत असतात. तीं छापावीं काय?

या प्रश्नास इंग्लंडांतील एक प्रकरण फार उपयोगी आहे. सन १८४० च्या मे महिन्यांत लंडन येथें लॉर्ड विल्यम रसेल यांचा शयनगृहांत गळा कापून खून झाला. त्यांचा स्विस चाकर कूर्व्हाझिए याजवर जूनमध्यें खटला चालला. बचावाचे वकील चार्लस फिलिप्स. खटला चालू असतां चोरीचें चांदीचें सामान सांपडलें, तेव्हां आरोपीनें फिलिप्स यांजपाशीं अपराध कबूल केला, परंतु बचाव सोडूं नये असेंहि सांगितलें. फिलिप्स यांनीं न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. त्यांनीं बचाव चालवावयास सांगितलें. ६ जुलै रोजीं आरोपी फांशीं गेला.

पुढें, दोषी जाणूनहि वकिलानें घरांतील निरपराध दासींवर संशय ढकलला, असा प्रवाद उठला. तो खोडण्यासाठीं १८४९ सालीं फिलिप्स यांनीं सॅम्युएल वॉरन यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार ‘टाइम्स’मध्यें छापविला व एकांतांतील संवाद जगापुढें मांडला. अशील मेला होता, तुरुंगांत त्यानें कबुलीहि दिली होती, मग गुह्य फुटलें कोठें, असें कोणी म्हणेल. मला हें पटत नाहीं. जगास दिलेली कबुली निराळी. वकिलास केव्हां व कोणत्या मागणीसह सांगितलें, तें निराळें. तें उघडलें तें अशिलाच्या हितासाठीं नव्हे, स्वतःच्या नांवासाठीं. तथापि तीं पत्रें नसतीं तर हें प्रकरण इतकें बारकाईनें आपणांस कळतें ना. संशोधकाचा लोभ तो हाच.

हिंदुस्थानच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत कलम १२६ खालीं पहिलें उदाहरण जवळजवळ असेंच आहे: खोटा दस्त केल्याचें सांगून बचाव मागणाऱ्या अशिलाचें बोलणें वकिलानें अशिलाच्या स्पष्ट संमतीवांचून उघड करूं नये. वकीलपत्र संपलें तरी बंधन सुटत नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष अधिनियम आला. नियम कायम आहे. दुभाषे, कारकून व नोकर यांसहि तो लागू. दप्तर विकणारा नातू आणि तें घेणारा संग्राहक यांचें नांव मात्र तेथें नाहीं. माझ्या मतें कोर्टांत दाखल झालें तें खुशाल छापावें. एकांतांतील टिपणाची सूचींत नोंद करावी, मजकूर, वंशज हयात असतां, छापूं नये.

दुसरीकडे काय घडलें तेंहि पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंत लिझी बोर्डेन हिच्या १८९३ च्या खुनाच्या खटल्यांतील वकिलांपैकीं जेनिंग्ज यांच्या वह्या २०१२ मध्यें फॉल रिव्हर येथील इतिहास मंडळाकडे आल्या. रॉबिन्सन यांचें दप्तर त्यांच्या पेढीनें शंभर वर्षांहून अधिक काळ कुलपांत ठेविलें. अशील एकच, खटलाहि एकच.