पाव खाल्ला, पण चोरून

1849च्या सुमारास मुंबईत काही शिकलेले हिंदू तरुण गुपचूप एकत्र जमू लागले. एकच देव मानायचा, जातिभेद मोडायचा, विधवांची लग्नं लावायची, असे त्यांचे विचार. नव्या सभासदाची परीक्षा मात्र विचारांची नव्हती, खाण्याची होती. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. 'सगळ्यांसमोर' म्हणजे बंद दाराआड बसलेल्या सगळ्यांसमोर. ही परमहंस सभा. दादोबा पांडुरंग तिच्या प्रमुखांपैकी एक. पुढे 1860च्या आसपास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार अशी धास्ती पसरली आणि सभा विरून गेली. आजच्या भाषेत, ग्रुप लीक झाला.

त्यांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण वाळीत पडणं म्हणजे काय ते आधी बघू. न्हावी येत नाही, भटजी येत नाही. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं. घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. शिक्षा एकट्याला होतच नाही, सगळ्या घराला होते. म्हणून तेव्हाच्या तरुणाला भीती परक्यांची कमी आणि आईच्या चेहऱ्याची जास्त वाटायची.

याच सभेत बेळगावचा एक कासार तरुण होता, बाबा पदमनजी. जन्म 1831चा, शिक्षण मिशनच्या शाळांत. बायबल वाचलेलं, पटलेलंही. पण मनात पटणं आणि चारचौघांत सांगणं यांत त्याची वर्षं गेली. मराठी ख्रिस्ती लोक याला 'साक्ष देणं' म्हणतात. शब्द कोर्टातला वाटतो, आणि त्या काळात प्रकरण खरोखरच कोर्टात जायचं.

1839मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी जॉन विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. मुंबईत गदारोळ उठला, खटला झाला, पारशी मुलांनी विल्सनची शाळा सोडली. 1843मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहत होता, त्याला कोर्टाने बापाच्या ताब्यात दिलं. मग प्रश्न आला, या पोराला जातीत परत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. तर सनातन्यांचा रोष बाळशास्त्रींवरच! म्हणजे बाहेर जाणाऱ्याला भीती होती, तशी परत आणणाऱ्यालाही होती. बाबा पदमनजी मोठे झाले ते ही सगळी हवा अंगावर घेत.

1850मध्ये कायदा आला. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असं त्यात होतं. कायद्याने जमीन वाचली असेल, पण आईच्या हातचं जेवण कायद्याने मिळत नाही. 1854मध्ये बाबांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत नाही, जिथे प्रत्येक जण त्यांना नावानिशी ओळखत होता तिथे. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते.

आणि मग तीनच वर्षांनी, 1857मध्ये, 'यमुनापर्यटन' आलं. शाळेत आपण ती मराठीतली पहिली कादंबरी आणि विधवांच्या दुःखाची कथा म्हणून शिकतो. पण विनायक आणि यमुना हे नवराबायको मनाने ख्रिस्ताकडे वळलेले आहेत आणि घरात ते बोलू शकत नाहीत, हे आपण सहसा शिकत नाही. विनायक मरतो, विधवा यमुना शेवटी उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाने आपली जुनी भीती पात्रांना देऊन टाकली, असं मला ते वाचताना वाटतं.

बाबांनी पुढे आयुष्यभर लिहिलं आणि स्वतःच्या नावाने लिहिलं. त्यातलं बरंचसं हिंदू धर्मावर तुटून पडणारं आहे. भीती गेली की ऐकणाऱ्याचं मनही कधी कधी नजरेआड होतं. शिवाय बाप्तिस्म्यानंतर पाठीशी मिशन होतं, सरकार गोऱ्यांचं होतं. 'विकला गेला' हा टोमणा त्यांना ऐकावा लागणारच होता. टोमणा अन्यायाचा होता, पण तो कुठून येत होता हे कळायला अवघड नाही.

नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्या ज्या घरात वाढल्या तिथे बाहेरून येणारी वस्तू धुऊन घेण्याइतकं वडिलांचं कडक सोवळं होतं. जवळपास पाच वर्षं नवराबायको वेगळे राहिले. नंतर त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या, तरी सुरुवातीला स्वतःचं सोवळं सांभाळूनच. टिळकांनी घाई केली नाही. जात मनातून कशी गेली, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे, स्वतःचीच थट्टा करत. 1900मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर.

टिळकांनी ख्रिस्त सांगायला अभंग आणि कीर्तन धरलं. टाळ आणि ओवी ऐकणाऱ्याच्या घरचीच असल्यामुळे सांगणाऱ्याचं भय कमी झालं आणि ऐकणाऱ्याचंही. 1917मध्ये त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही, म्हणजे मनात ख्रिस्त असून घरी सांगू न शकणाऱ्यांनासुद्धा. दोन वर्षांनी टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.