कबीर कला मंच : डफ हातात घेतलेल्या कलाकारांना तुरुंगात का जावं लागलं?

२ एप्रिल २०१३. मुंबईतल्या विधानभवनासमोर एक तरुण जोडपं आलं. गायिका शीतल साठे आणि कवी सचिन माळी. दोघंही जवळपास दोन वर्षं भूमिगत होते आणि शीतल गरोदर होत्या. आपण शरण आलेलो नाही, अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह करायला आलो आहोत, असं त्यांनी तिथे जाहीर केलं. त्याच दिवशी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं.

हे दोघं पुण्याच्या ‘कबीर कला मंच’चे कलाकार. गेल्या दीड दशकात या एका कलापथकातल्या अनेकांनी तुरुंग पाहिला. त्यांच्यावर नेमके आरोप काय होते आणि कायदा काय सांगतो?

कबीर कला मंच काय आहे?

गुजरातमधल्या दंगलींनंतर २००२ मध्ये अमरनाथ चंडालिया यांनी पुण्यात हा मंच सुरू केला. वस्त्यांमधले, कष्टकरी घरांतले तरुण-तरुणी त्यात आले. जातीय अत्याचार, शेतकरी आत्महत्या, महागाई, स्त्रियांचं जगणं हे त्यांच्या गाण्यांचे आणि पथनाट्यांचे विषय.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, पुढे अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक अशी ही परंपरा आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटातून मंचाची गाणी राज्याबाहेरही पोचली.

पहिली अटक कधी झाली?

२०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, मंचाचे दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना अटक केली. या कलाकारांचा बंदी असलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाशी (माओवादी) संबंध आहे, असा पोलिसांचा आरोप होता. कायदा लावला गेला यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. मंचाचे बाकीचे कलाकार भूमिगत झाले.

जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी डेंगळे आणि भोसले यांना जामीन दिला. एखाद्या विचारसरणीबद्दल सहानुभूती असणं किंवा बंदी असलेल्या संघटनेचं निष्क्रिय सदस्य असणं एवढ्यानेच गुन्हा होत नाही, असा या निकालाचा आधार होता.

त्यानंतर भूमिगत कलाकार पुढे आले. एप्रिलमध्ये शीतल आणि सचिन, मे महिन्यात सागर गोरखे आणि रमेश गायचोर. शीतल यांना गरोदरपणामुळे जून २०१३ मध्ये जामीन मिळाला. बाकी तिघांना मात्र सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत जानेवारी २०१७ उजाडलं. म्हणजे दोषी ठरण्याआधीच साडेतीन वर्षांहून जास्त तुरुंगवास.

दुसऱ्यांदा अटक का?

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. कबीर कला मंचाने तिथे कार्यक्रम सादर केला. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. परिषदेमागे माओवाद्यांचा हात होता आणि तिथल्या भाषणांनी व गाण्यांनी चिथावणी दिली, असा आरोप पोलिसांनी केला. निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील यांनी मात्र परिषदेचे आयोजक आपण होतो, असं जाहीरपणे सांगितलं.

जानेवारी २०२० मध्ये तपास केंद्राच्या एनआयएकडे गेला. ७ सप्टेंबर २०२० रोजी सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना आणि दुसऱ्या दिवशी ज्योती जगताप यांना अटक झाली. माओवाद्यांशी संबंध असल्याचं कबूल करण्यासाठी आपल्यावर दबाव आणला गेला, असं गोरखे आणि गायचोर यांनी अटकेआधीच्या एका व्हिडिओत म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ज्योती यांचा जामीन नाकारला. त्या आदेशात मंचाने परिषदेत काय सादर केलं, यातल्या मजकुराचीही दखल घेतली होती.

या तिघांनी खटला सुरू होण्याची वाट पाहत पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला.

गाणं म्हणणं गुन्हा आहे का?

नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने अभिव्यक्ती स्वातंत्र्य दिलं आहे. तपास यंत्रणांचं म्हणणंही हेच की अटक गाण्यासाठी नाही, बंदी असलेल्या संघटनेशी संबंधासाठी आहे. कलाकार हा आरोप नाकारतात.

खरा पेच जामिनात आहे. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप सकृतदर्शनी खरे वाटले, तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. आरोप सिद्ध झाले की नाही हे खटल्यात ठरतं, पण खटलाच वर्षानुवर्षं उभा राहत नाही. त्यामुळे निकालाआधीच शिक्षा भोगून होते. २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ तुरुंगवास हे जामिनाचं कारण ठरू शकतं, असं म्हटलं. पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा ठरवलं. ज्या तत्त्वावर २०१३ चा जामीन उभा होता, ते असं मोडीत निघालं.

हे एकाच सरकारच्या काळात झालं का?

नाही. २०११ ते २०१३ मध्ये राज्यात आणि केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालची सरकारं होती. २०२० मध्ये एनआयए ज्या केंद्र सरकारच्या अखत्यारीत होती, ते भाजपचं होतं. सरकारं बदलली, कायदा तोच राहिला.

जगात काय होतं?

तिथेही कलम सहसा गाण्याचं नसतं. नायजेरियात लष्करी राजवटीने १९८४ मध्ये फेला कुटी यांना परकीय चलनाच्या प्रकरणात तुरुंगात टाकलं. रशियात २०१२ मध्ये ‘पुसी रायट’च्या गायिकांवर गुंडगिरीचं कलम लागलं. इराणमध्ये रॅपर तूमाज सालेही यांना २०२४ मध्ये थेट फाशीची शिक्षा सुनावली गेली, ती नंतर रद्द झाली.

मराठवाड्यालाही याची आठवण आहे. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्या काळात, १९३८ मध्ये, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढून टाकलं होतं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

निजामाच्या राज्यात दाद मागायला राज्यघटना नव्हती. आज ती आहे, न्यायालयं आहेत आणि जामीनही मिळतो. पण तो मिळेपर्यंत कलाकाराच्या आयुष्यातली किती वर्षं जातात, हा प्रश्न कबीर कला मंचाच्या प्रकरणाने समोर ठेवला आहे.