जागेवर राहणारे द्रव्य

खोकला आला, शिंक आली, पाण्याची कळशी उचलली की नकळत लघवी गळते, हे दुखणे कित्येक बायका वर्षानुवर्षे डॉक्टरलाही सांगत नाहीत. पोटावर एकाएकी दाब आला असता मूत्रमार्ग मिटून राहत नाही, एवढेच त्याचे मूळ. तो सुईने द्रव्य घालून मिटवता येईल काय, या प्रश्नाला आता ८० वर्षे उलटून गेली.

१९३८ साली मर्लेस या डॉक्टरांनी सोडियम मॉर्‍हुएट मूत्रमार्गालगत टोचले. कॉड माशाच्या तेलापासून केलेले हे द्रव्य पायांच्या फुगलेल्या शिरांवर आधीच वापरात होते. मांस सुजावे, तेथे व्रण धरावा आणि मार्ग आवळावा, असा हिशेब. मग कोणी मेण घातले. १९७३ साली बर्ग यांनी टेफ्लॉनचे कण वापरले. ज्याला काही चिकटत नाही म्हणून तव्यावर लावतात, ते शरीरात मात्र चिकटून राहील ही आशा! १९८४ मध्ये मॅलिझिया व त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगातील प्राण्यांच्या फुप्फुसांत आणि मेंदूत हे कण सापडले.

पुढे गायीचे कोलॅजेन आले. अमेरिकेत त्याला १९९३ साली मान्यता मिळाली. त्याआधी त्वचेवर चाचणी घ्यावी लागे, आणि शरीर ते हळूहळू शोषून घेई, म्हणून सुई पुन्हा पुन्हा. २०११ मध्ये ते बंद झाले.

परके नको, तर स्वतःचीच चरबी का नको? विचार बिनतोड वाटतो. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही स्त्रियांना चरबी आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. दोन्ही गटांत सुमारे पाचांत एकीलाच गुण आला, आणि चरबीचा कण फुप्फुसात अडकून एक स्त्री दगावली. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान हेच. मिठाच्या पाण्याशी तुलना केली नसती, तर त्या एक पंचमांश यशाचे श्रेय चरबीलाच गेले असते.

आज ९७.५ टक्के पाणी असलेले पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल वापरतात. २०१८ साली ब्रिटनने योनिमार्गे बसवायच्या जाळीच्या शस्त्रक्रिया थांबवल्या, तेव्हा सुईकडे पुन्हा लक्ष वळले. फिनलंडमध्ये जाळीची पट्टी आणि हे जेल यांची तुलना झाली. वर्षाअखेरीस पट्टीवाल्या स्त्रिया अधिक समाधानी होत्या. गुंतागुंतही बहुतेक त्यांच्यातच झाली.