देवडीपासून सदनिकेच्या बोळापर्यंत : प्रवेशजागेतील आसन आणि पादत्राणे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील घराचा इतिहास लिहिताना चौक, माजघर, देवघर व स्वयंपाकघर यांचा विचार सविस्तर होतो. दरवाजा ओलांडल्यावर लागणारी पहिली चार-सहा हातांची जागा त्या मानाने दुर्लक्षित राहते. वास्तविक घरधनी आणि परका मनुष्य यांची पहिली गाठ याच जागेत पडते. आलेल्यास बसवावयाचे की उभे ठेवावयाचे, त्याची पादत्राणे कोठवर येऊ द्यावयाची, हे तेथे मांडलेल्या वस्तूंवरून कळते. त्यामुळे अशा लहान जागेसाठी सामान निवडणे हा दिसावयास किरकोळ असणारा निर्णय सामाजिक इतिहासाचे साधन ठरू शकतो. प्रस्तुत लेखात वाडा, चाळ आणि सदनिका या तीन गृहप्रकारांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

देवडी, ओसरी आणि बैठक

पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली व वास्तुशांत १७३२ साली झाली. १८२८ च्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. दिल्ली दरवाजा मात्र आजही उभा आहे. पेशव्यांच्या या वाड्याचा विस्तार सामान्यांच्या आवाक्यातला नव्हता. परंतु सरदार, सावकार व कारकून यांच्या वाड्यांतही प्रवेशाचा क्रम साधारण असाच असे. मोठ्या दरवाजातील दिंडीतून वाकून आत शिरले की देवडी लागे. तिच्या दोन्ही अंगांना ओटे असत व त्यांवर पहारेकरी बसत. पुढे चौक आणि चौकाभोवती ओसरी वा सोपा. ओसरीवर जाजम अंथरून त्यावर गादी, लोड व तक्के मांडले की कारभाराची बैठक सिद्ध होई. भिंतीतील कोनाड्यांत दिवा व दौत, खुंटीवर पागोटे व अंगरखा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या सर्व सरंजामात हलविता येणारे लाकडी सामान जवळजवळ नाही. ओटा, कोनाडा आणि खुंटी हे बांधकामाचेच भाग होत. जाजम गुंडाळले की ओसरी मोकळी. कोकणातील घरात खळे, पडवी व ओटी असा क्रम असतो आणि तुळईला टांगलेला झोपाळा जमिनीची जागा न अडविता दोघा-तिघांना बसवितो. गोव्यातील जुन्या घरांच्या बाल्कांवात दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पक्की आसने बांधलेली असतात. येणाऱ्याने प्रथम टेकावे, मग बोलावे, हे या सर्व घरांनी गृहीत धरले होते.

अर्थात हे आतिथ्य सर्वांसाठी नव्हते. गादी, जाजमाचा मध्य, जाजमाची कड, देवडीचा ओटा आणि बाहेरचे अंगण अशी उतरंड होती व प्रत्येकास आपली पायरी ठाऊक असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मनुष्यास बहुधा देवडीच्या बाहेरच उभे राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात शाळेतील अनुभव नोंदविला आहे : बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा त्यांना घरून न्यावा लागे व परतही आणावा लागे. जाजमावर कोण बसणार हा प्रश्न ओसरीपुरता मर्यादित नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते. स्त्रियांचा वावर माजघर आणि परसदार यांच्या आश्रयाने चाले. पुढच्या बैठकीत त्यांना आसन नव्हते. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीत तर ओसरी म्हणजे सवलतीने मिळालेली, मर्यादा सांभाळून वापरावयाची जागा हा अर्थ उघडच आहे.

पादत्राणांचा प्रश्न

वाड्याच्या प्रवेशजागेत आसनांची इतकी तजवीज असताना पादत्राणांसाठी मात्र एकही वस्तू नव्हती. चामडे अपवित्र मानले जात असल्यामुळे जोडे पायरीखाली राहत आणि पायांवर पाणी घेऊन मनुष्य ओसरीवर चढे. पादत्राणे काढणे हे शुचितेचे तसेच आदराचे लक्षण होते. इंग्रजी अमलात या आदराला सरकारी सक्तीचे रूप आले. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सरकारी कार्यालयांत शिरताना हिंदी माणसाने जोडे काढावेत हा दंडक कडक करण्यात आला. युरोपीय पोशाख करणाऱ्यांस तेवढी सूट होती. १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातील सुरत येथे फौजदारी अदालतीतील असेसर माणकजी कावसजी एंटी यांनी सत्र न्यायाधीशासमोर जोडे काढण्यास नकार दिला व ते प्रकरण गाजले. स्वतःच्या घरी पायरीखाली जोडे काढणे ही रीत होती. परक्या सत्तेच्या दारात तीच कृती मानहानी ठरली.

चाळीची गॅलरी

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पुढे १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले व त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तत्कालीन डिलाईल रोड) आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत प्रवेशाची वेगळी जागा काढणे अशक्यच. ती गॅलरीने पुरविली. चपला दाराबाहेर, पाण्याचे पिंप भिंतीशी आणि जमल्यास एखादे बाकडे. हे बाकडे एका कुटुंबाचे असले तरी त्यावर सारा मजला बसे. ओसरीची उतरंड येथे पुरती मोडली असे म्हणता येणार नाही, कारण अनेक चाळींत वस्तीच जातीनुसार वा गावानुसार होती. तरीही एका अरुंद गॅलरीत सर्वांना एकाच बाकड्याशी यावे लागे, हा फरक लहान नव्हता.

खोलीच्या आत ट्रंकेची जागा हळूहळू कपाटाने घेतली. गोदरेजची पोलादी कपाटे १९२३ पासून बनू लागली. संस्कृतमध्ये ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. मराठीत तो शब्द दार असलेल्या सामानाला लागला आणि आज ते सामान दाराशेजारीच येऊन उभे राहिले आहे, ही भाषेची गंमतच.

सदनिकेचा बोळ

महाराष्ट्रात मालकी सदनिकांविषयीचा कायदा १९६३ साली झाला. सिडको १९७० मध्ये व म्हाडा १९७७ मध्ये स्थापन झाली. मध्यमवर्गीय कुटुंब बंद दाराच्या घरात आले आणि गॅलरीत ठेवलेले सारे आत घ्यावे लागले. अनेक सदनिकांत प्रवेशमार्ग जेमतेम ३ फुटांचा, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर असतो. मोठ्या माणसाचा जोडा साधारण ३० सेंटिमीटर लांब. सरळ फळ्यांचे कपाट ठेवल्यास चालावयास ६० सेंटिमीटरही उरत नाहीत. तिरक्या कप्प्यांच्या कपाटाची खोली २० सेंटिमीटरच्या आत बसविता येते. म्हणून ते निवडले जाते. भिंतीवर किल्ल्यांचे हूक, वर आरसा, एवढ्यात जागा संपते.

वाड्यात आसन होते व जोड्यांना स्थान नव्हते. सदनिकेत जोड्यांना बंद कपाट आहे व माणसाला आसन नाही. वृद्धांची अडचण तर रोजची. पट्ट्याची चप्पल वा नाडीचा बूट घालताना टेकण्यास काहीच नसल्याने एक हात भिंतीला धरावा लागतो. अशा बोळात निवड करावयाचीच असेल, तर खाली दोन-चार जोड मावतील असा फूटभर रुंदीचा ठेंगणा बाक उंच कपाटापेक्षा निश्चितच अधिक उपयोगाचा. उरलेल्या जोडांची सोय अन्यत्र करता येते. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत (२०१५) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी चटईक्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर ठेवण्यात आली. एवढ्या आकाराच्या घरात दार बहुधा थेट खोलीतच उघडते आणि हा प्रश्न अधिकच अवघड होतो.

वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून मोठे. गॅलरी मात्र गेली. अशा बहुमजली संकुलांत येणाऱ्याची चौकशी आता खाली फाटकापाशी होते. तेथे पहारेकऱ्यासाठी प्लास्टिकची एक खुर्ची व नोंदवही ठेवण्याचे टेबल असते. पाहुणा उभ्यानेच नाव, वेळ आणि कोणाकडे जावयाचे ते लिहितो.