तीन सामन्यांचा हंगाम आणि आमच्या आग्रा रोडवरचा एक सार्जंट-मेजर

आजचा धागा लंडनमध्ये सुरू होतो आणि धुळ्यावरून पुढे जातो. थोडा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

२ सप्टेंबर १९३९. लंडनमधील हायबरी मैदानावर आर्सेनलने संडरलँडचा ५-२ असा पराभव केला. टेड ड्रेकने एकट्याने चार गोल केले. हा हंगामातील तिसराच सामना होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, गर्दी जमवण्यास मनाई झाली आणि इंग्लिश लीगचा हंगाम रद्द करण्यात आला. तीन सामन्यांनंतर ब्लॅकपूल गुणतक्त्यात अव्वल होते. त्या अव्वल स्थानाला पुढे काहीही अर्थ उरला नाही. खेळले गेलेले सामने अधिकृत नोंदींतून वगळले गेले. ड्रेकचे ते चार गोल हजारो लोकांनी पाहिले, पण अधिकृत आकडेवारीत त्यांना जागा मिळाली नाही.

आर्सेनल हा त्या दशकातील सर्वांत बलाढ्य संघ. १९३१ ते १९३८ या काळात पाच वेळा लीगविजेता. युद्धात त्याचे मैदान हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या यंत्रणेने ताब्यात घेतले. पुढे तेथे बाँबही पडले. ज्यांच्याशी हाडवैर, त्या टॉटनहॅमच्या मैदानावर आर्सेनलला ‘घरचे’ सामने खेळावे लागले. लांबचा प्रवास टाळण्यासाठी प्रादेशिक स्पर्धा सुरू झाल्या, प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आली आणि बहुतेक खेळाडू सैन्यात गेले. काही परत आलेच नाहीत.

याच संघात डेनिस कॉम्प्टन नावाचा डाव्या बगलेचा खेळाडू होता. हिवाळ्यात आर्सेनलसाठी फुटबॉल, उन्हाळ्यात मिडलसेक्ससाठी क्रिकेट. त्याचे नाव लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता त्याच हिवाळ्यात पुण्याला येऊ. इंग्लंडचा एमसीसी संघ ससेक्सच्या होम्स यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येणार होता. युद्धामुळे तो दौरा रद्द झाला. रणजी स्पर्धा मात्र थांबली नाही. विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक. त्या मोसमात प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. त्या दुसऱ्या मोसमात पुण्यात मुंबईने ६५० धावा केल्या, तर महाराष्ट्राने ६७५. देवधरांच्या त्यांतील धावा होत्या २४६, आणि तेव्हा संस्कृतच्या या प्राध्यापकांचे वय होते अठ्ठेचाळीस! (जाता जाता: ‘महाराष्ट्र’ नावाचे राज्य १९६० मध्ये अस्तित्वात आले, पण त्या नावाचा संघ तेव्हाच करंडक घेऊन बसला होता. नकाशाच्या आधी धावफलक.)

इंग्लंडमध्ये कौंटी अजिंक्यपद स्पर्धा १९४० ते १९४५ बंद होती. मग आपल्याकडे क्रिकेट चालू कसे राहिले? रणभूमी दूर होती, हे सरळ उत्तर. संस्थानिक आणि धनिकांचा आश्रय होता, आणि सारे काही सुरळीत चालल्याचे चित्र सरकारलाही हवेच होते. पण ‘चालू राहिले’ हे अर्धसत्य आहे. इंग्लंडचा हंगाम युद्धाने थांबवला. आपल्याकडे जे थांबले त्यामागे बऱ्याचदा लोकांचा लढा होता.

मुंबईची पंचरंगी स्पर्धा ही तेव्हाची सर्वांत लोकप्रिय स्पर्धा. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे धर्म-वंशावर बांधलेले पाच संघ. युद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही होते विनोबा. ज्यांची गीता प्रवचने १९३२ मध्ये आमच्या धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी टिपून घेतली होती, तेच. डिसेंबरमध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटले. देशाचे नेते तुरुंगात असताना करमणुकीचे हे सोहळे त्यांना रुचले नाहीत, आणि धर्मावर आधारलेले संघ तर त्यांना मुळातच अमान्य होते. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही.

१९४२ च्या हिवाळ्यात तर पंचरंगी झालीच नाही. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती मारले गेले. खानदेशात त्या वर्षाविषयी बोलताना क्रिकेट कोणाच्याही ओठांवर येत नाही, ते यामुळेच.

१९४३ मध्ये पंचरंगी परतली आणि अंतिम सामन्यात हजाऱ्यांनी ‘इतर’ संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. समोर हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान जल्लोषात होते. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत होती. क्रिकेटच्या इतिहासावरील लेखनात हे दोन प्रसंग सहसा एका पानावर येत नाहीत. मला ते यायला हवेत असे वाटते. हजाऱ्यांची खेळी त्याने लहान होत नाही.

आता कॉम्प्टन. सैन्याने त्याला हिंदुस्थानात पाठवले आणि त्याची नेमणूक झाली महू छावणीत, शारीरिक शिक्षणाचा सार्जंट-मेजर म्हणून. महू आपल्याला ठाऊक आहे ते डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून. धुळ्याहून आग्रा रोडने निघावे; शिरपूर, सेंधवा मागे टाकून नर्मदा ओलांडावी आणि घाट चढावा, की इंदूरच्या अलीकडे महू. रेल्वेने जायचे तर जळगाव, भुसावळ करत खांडवा आणि तेथून मीटरगेज. लंडनच्या फुटबॉलपटूचे हे नवे घर आमच्या शेजारचेच होते.

इंदूरला होळकरांचा संघ होता: कर्णधार सी. के. नायडू, त्यांचे बंधू सी. एस., मुश्ताक अली, चंदू सरवटे. कॉम्प्टन या संघातून रणजी खेळला आणि मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. मुंबई ४६२ आणि ७६४. होळकर ३६० आणि ४९२. एकूण २,०७८ धावा. मर्चंट यांच्या २७८, मुश्ताक अली यांची दोन्ही डावांत शतके. सी. एस. नायडूंनी तर सामन्यात ९१७ चेंडू टाकले. ही संख्या वाचून आजच्या गोलंदाजाचा खांदा दुखेल.

होळकरांपुढे लक्ष्य होते ८६७ धावांचे. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला आणि त्याचा संघ ३७४ धावांनी हरला. शतकापुढील प्रत्येक धावेसाठी एका व्यापाऱ्याने रोख बक्षीस कबूल केले होते आणि खेळी संपल्यावर तातडीच्या कामाचे निमित्त सांगून तो कलकत्त्याला निघून गेला, असा किस्सा कॉम्प्टनच्या नावावर सांगितला जातो. किस्सा फारच नेटका आहे, तेव्हा चवीपुरताच घ्यावा.

कलकत्त्यात मात्र त्याला खरोखरच वेगळा अनुभव आला. नोव्हेंबर १९४५ मध्ये तो पूर्व विभागाकडून ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध खेळत होता. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू होता, शहर पेटले होते. निदर्शक मैदानात शिरले आणि त्यांच्या म्होरक्याने फलंदाजी करणाऱ्या कॉम्प्टनला अदबीने सांगितले की तुम्ही छान खेळता, पण सामना आता थांबलाच पाहिजे. १९३९ मध्ये हिटलरमुळे त्याचा हंगाम संपला होता. इथे त्याला थांबवत होती ती त्याच्याच साम्राज्यातील प्रजा.

नोंदवहीचा न्याय पाहा. युद्धकाळात कॉम्प्टन इंग्लंडच्या फुटबॉल संघाकडून बारा सामने खेळला, पण त्यांतील एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानला जात नाही. त्याच युद्धात ब्रेबॉर्नवर काढलेल्या २४९ धावा मात्र त्याच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत रीतसर मोजल्या जातात.

१९४६ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. सरवटे आणि बॅनर्जी या शेवटच्या जोडीने सरेविरुद्ध भागीदारी केली, तीही बरोबर २४९ धावांची! दौरा अजून संपायचा होता, तोच ३१ ऑगस्टला इंग्लिश लीग पुन्हा सुरू झाली. नवे वेळापत्रक कोणी बनवलेच नाही. १९३९ चेच बाहेर काढले. सात वर्षांपूर्वी आर्सेनलने पहिला सामना वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन २-२ असा बरोबरीत सोडवला होता. आताही पहिला सामना तिथेच. या वेळी आर्सेनल ६-१ ने हरले.